एकवीस दिवसांची वायर

जगात कुठलीही वस्तू नवी असेपर्यंत कामाची नसते, यावर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा होती तेवढी मी नवस फेडायला निघालेल्या माणसाचीही पाहिलेली नाही. नवा सदरा ते आधी तीन दिवस घरातल्या घरात वापरत आणि मगच तो घालून एसटीत बसत. नव्या चपलेला आठवडाभर अंगणाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नसे. नवा तवा, नवा माठ, नवा तहसीलदार, पहिल्या दिवशी ते कुणालाच जमेत धरत नसत. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासऱ्यांचे थोरले जावई या नात्याने ते मला पाहायला उदगीरला आले. मी तिथल्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. दोन तास त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, दोनदा चहा घेतला आणि परत जाऊन सासऱ्यांना सांगितलं, की पोरगा चांगला आहे, पण कच्चा आहे, मुरायला वेळ लागेल. हा अभिप्राय बायकोने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पुरवला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं गरज पडेल तेव्हा वापरला.

साडूंचा धंदा लाऊडस्पीकरचा. देवणीपासून दोन कोसांवर त्यांचं गाव, गावाला वळसा घालून ओढा आणि ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती. तिथे विहाराला लागून त्यांचं घर. घरात दोन भोंगे, एक अँप्लिफायर, तीन माईक, एक बॅटरी आणि खुंट्यांवर टांगलेली वायरीची वेंडोळी, भिंत दिसायची नाही इतकी. माझ्या मेव्हणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती सांगायची, की लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं यांनी घरात साप पाळलेत. लग्न असो, जयंती असो, ग्रामपंचायतीची निवडणूक असो, पंचक्रोशीत आवाज म्हटला की साडू, आणि साडू म्हटले की वायर मुरवणे. नवी वायर, नवा भोंगा, नवा माईक, यातलं काहीही एकवीस दिवस मुरवल्याशिवाय त्यांनी कधी मांडवात नेलं नाही. न मुरलेल्या वायरीतून आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो, शब्दाला शब्द चिकटतो आणि टोकाच्या घराला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे खरं की खोटं, हा प्रश्न मी जवळजवळ आयुष्यभर बाळगला. म्हातारपणी त्यांचे कान गेले आणि ते परत आणायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली, तेव्हा याच प्रश्नाने माझी परीक्षा घेतली. म्हणून तर हे सगळं सांगायला बसलोय.

मुरवण्याचं शास्त्र त्यांनी बैलांकडून घेतलं होतं. त्यांचे वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते आणि देवणी जातीचे गोऱ्हे वळणावर आणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गोऱ्ह्याला पहिल्या दिवशी जू नुसतं दाखवायचं. मग मानेवर ठेवून लगेच काढून घ्यायचं. मग एखाद्या शहाण्या बैलाच्या जोडीने रिकामी गाडी, आणि भरलेली गाडी सगळ्यात शेवटी. साडूंनी हीच रीत वायरीला लावली. नवं वेंडोळं आणलं की पहिले दोन दिवस ते सावलीत उलगडून नुसतं पसरून ठेवायचं, म्हणजे दुकानातली सवय जाते. तिसऱ्या दिवसापासून अगदी बारीक आवाजात विहारातली सकाळची वंदना. मग रेडिओवरचे बाजारभाव, कारण त्यात चढउतार असतात पण आरडाओरड नसते. दुसऱ्या आठवड्यात गाणी, त्यातही आधी बायकांची आणि मग पुरुषांची. भाषण अगदी शेवटी. भाषण लवकर ऐकवलं तर वायर कायमची बिघडते, यावर ते ठाम होते. एकदा तिसऱ्याच दिवशी मी सहज माईक हातात घेऊन हॅलो हॅलो म्हणालो, तर त्यांनी ताटावरून उठून येऊन बटण बंद केलं. "सर, जरा सबर धरा," ते म्हणाले. "बुजून राहिली ती अजून." निवडणुकीची वायर त्यांनी वेगळी ठेवली होती आणि लग्नाला ती काही केल्या देत नसत. तिला आश्वासनं द्यायची सवय लागलीय, नवरा-नवरीच्या संसाराला ते बरं नाही, असं कारण सांगत.

शिवाय वायरीला तोंड आणि शेपूट असे. ज्या टोकाने तिने पहिल्यांदा आवाज घेतला ते तोंड, आणि तिथे ते लाल दोरा बांधत. तो दोरा जन्मभर मशीनकडेच राहिला पाहिजे. निलंग्याकडच्या एका लग्नात भोंगे झाडांवर चढले, वायरी टाकून झाल्या, पाहुणे हातात ज्वारीच्या अक्षता घेऊन उभे राहिले, आणि साडूंच्या लक्षात आलं की लाल दोरा भोंग्याकडे गेलाय. त्यांनी लग्न थांबवलं. तीन कडुलिंबांवर स्वतः चढून सगळी वायर सोडवली, फिरवली आणि पुन्हा बांधली. तोवर लहान पोरांनी अर्ध्या अक्षता कोंबड्यांना घालून टाकल्या होत्या. नवरदेवाच्या मामाने वैतागून विचारलं, की आम्हाला काही फरक कळला असता का. तुम्हाला नसता कळला, पण तिला तकलीफ झाली असती, असं साडूंनी त्याला शांतपणे सांगितलं आणि मग लग्न लागलं.

खरेदीला ते नांदेडला जात, मुखेडवरून, एसट्या बदलत बदलत. लातूर जवळ असलं तरी तिथले दुकानदार फार ताजा माल ठेवतात, ही त्यांची तक्रार. नांदेडच्या दुकानात कोरं करकरीत वेंडोळं समोर ठेवलं की ते त्याला हात लावत नसत, पडून राहिलेलं काही आहे का म्हणून विचारत. चार वर्षं फळीवर पडलेली वायर निम्मी मुरलेली असते, असा त्यांचा हिशेब. न खपलेला माल मागणारं असं गिऱ्हाईक त्या दुकानदाराला दुसरं मिळालं नसेल. पुढे पुढे तो साडूंना पाहिलं की न विचारताच आतल्या खोलीत जाई आणि धुळीने माखलेलं वेंडोळं घेऊन येई. एकदा मी बरोबर होतो. आतून पोतं झटकल्याचा आवाज आला, दुकानदार शिंकला, आणि मग वेंडोळं बाहेर आलं. मी साडूंना काही सांगितलं नाही, पण ती युक्ती डोक्यात ठेवली.

मुरवण्याचा शेवटचा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटे. तिसऱ्या आठवड्यात ते भोंगा विहाराच्या छपरावर बांधत, रेडिओ किंवा टेप लावून देत आणि स्वतः ओढा ओलांडून गावात जात. तिथे पाटलांच्या ओसरीपासून किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत एकेका दारात डोळे मिटून उभे राहत आणि घरातल्या माणसाला विचारत, की आत्ता काय ऐकू आलं. तुरीचा भाव काय म्हणाला? गाण्यातली बाई सासरी निघालीय का माहेरी? लोक आधी वैतागत, मग हसत आणि मग कान देऊन ऐकू लागत. कुणी बसा म्हणे, कुणी चहा टाके. सुट्टीत गेलो की मीही वही घेऊन त्यांच्यामागून फिरायचो, कारण यात काहीतरी शोध दडलेला असेल अशी मला खरोखर आशा होती. भोंग्याचं मला एक वेळ पटत होतं. त्याच्या आतला पडदा नवा असताना जरा ताठ असतो, हलून हलून सैल पडत असेल. पण वायर? ती तर नुसती तांब्याची तार. मी त्यांना अंगणात काडीने इलेक्ट्रॉन काढून दाखवले आणि तांब्याला स्मरणशक्ती नसते असं तीन तीनदा समजावलं. "तुमच्या पोरांना तरी कुठं असती?" ते म्हणाले. "तरी वरीसभर शिकवताच की."

या उत्तरानेच माझ्यातला शिक्षक डिवचला गेला असावा. लातूरचा जिल्हा वेगळा झाला ते वर्ष होतं. जिल्ह्याच्या कामासाठी उस्मानाबादला घालायचे हेलपाटे संपले म्हणून गावोगाव आनंद चालला होता. साडूंच्या गावानेही शाळेच्या मैदानात कार्यक्रम ठेवला, आणि त्यासाठी साडूंनी त्यांची सगळ्यात जुनी, सगळ्यात मुरलेली वायर काढली. मी आदल्या दिवशी उदगीरहून तशाच रंगाचं कोरं वेंडोळं घेऊन गेलो. नांदेडच्या दुकानदाराची आठवण ठेवून ते धुळीत लोळवलं, सकाळी साडू अंघोळीला गेले तेव्हा दोन्ही वेंडोळी बदलली आणि लाल दोराही सोडवून नव्या वायरीच्या टोकाला बांधला. निम्मं कुतूहल होतं आणि निम्मा मस्तवालपणा. कार्यक्रम सुरू झाला, मुख्याध्यापक बोलू लागले आणि साडू मैदानाच्या टोकाला जाऊन डोळे मिटून उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. "बगा सर, हिला मनायची मुरलेली वायर," ते म्हणाले. "शब्द न् शब्द सुटा." मग माझी आभाराची पाळी आली. मी माईकसमोर गेलो आणि वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर बोलता बोलता सगळ्या गावासमोर ती अदलाबदल सांगून टाकली.

गाव पोट धरधरून हसलं. साडूही हसले. मग त्यांनी भोंगे उतरवले, वायर कोपरात घेऊन सावकाश गुंडाळली आणि पेढा न खाताच ओढ्याकडे निघाले. त्यानंतर वायरीच्या विषयावर ते माझ्याशी कधी वादाला उभे राहिले नाहीत. मी इलेक्ट्रॉन काढले की मान डोलवत आणि दुसरं काही बोलत. मुरवणं मात्र चालूच राहिलं, एक दिवसही कमी न करता. मी हा प्रयोग पुढे दरवर्षी वर्गात रंगवून सांगायचो. मुलं हसायची, मीही हसायचो, आणि तास संपल्यावर मला ती कोपरात गुंडाळली जाणारी वायर आठवायची.

दोन-तीन वर्षांनी ओळीने पाऊस चुकला. ओढा कोरडा, वस्तीवरची विहीर कोरडी, नुसत्या टँकरवर गाव चाललेलं. टँकर यायचा कधी त्याचा नेम नाही, आणि आला की चावडीजवळच्या विहिरीत पाणी सोडून निघून जायचा. ज्याला आधी कळेल त्याची घागर आधी भरायची. त्यासाठी ग्रामपंचायतीने नवा कोरा लाऊडस्पीकर आणून कचेरीच्या छपरावर दोन भोंगे बसवले होते, दोन्ही चावडीकडे तोंड करून. ओढ्यापलीकडे नुसता गलका ऐकू यायचा. एके सकाळी वस्तीतल्या सगळ्या बाया घागरी घेऊन धावत गेल्या, तर पुकारा कुणाची तरी शेळी हरवल्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्या शेळीच समजून घरी बसल्या, आणि टँकर येऊन गेला. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथेच होतो. अक्का त्या दिवशी अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन आली, घागर उंबऱ्यात ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिली. आवाज हा नुसता धंदा नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सरपंचाने साडूंना बोलावलं, मीही गेलो. छपराकडे पाहूनच मला उपाय सुचला होता. एक भोंगा ओढ्याकडे फिरवा, झालं काम, असं मी सांगून टाकलं. सरपंचाच्या कपाळाला आठ्या पडल्या. भोंगे पंचांनी ठरवून बसवलेत, ते आहेत तिथेच राहतील, असं शेजारचा एक पंच म्हणाला. तेवढ्यात साडूंनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि चांगला दाबला. "सर नवीन हायेत, त्यास्नी म्हाईत न्हाई," ते सरपंचाला म्हणाले. "भोंग्याचं काई न्हाई. वायर कच्ची हाय. एकवीस दिवस माझ्या ताब्यात द्या." सरपंच सुटल्यासारखा हसला. मी मात्र कपाळावर हात मारून घ्यायचा बाकी होतो. घरात पाणी नाही आणि हा माणूस तांब्याची तार मुरवायला निघाला होता.

रोज सकाळी साडू छपरावर चढत, ग्रामसेवकाला माईकवर बोलायला लावत आणि मुरताना भोंगा जरासा फिरता ठेवावा लागतो असं सांगून एक भोंगा दोन बोटं सरकवून ठेवत. मग गावातल्या प्रत्येक दारात आणि वस्तीतल्या प्रत्येक दारात जाऊन विचारत, की काय ऐकू आलं. ग्रामसेवक आधी "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की" अशी सुरुवात करायचा आणि पाणी हा शब्द यायच्या आत त्याचा दम संपायचा. कच्च्या वायरीला एवढं ओझं झेपत नाही, अशी समजूत घालून साडूंनी ते सगळं गाळायला लावलं. शेवटी दोनच शब्द उरले, पाणी आलं, आणि तेही थांबून थांबून दोनदा म्हणायचे. एकविसाव्या दिवशी टँकर आला तेव्हा वस्तीच्या अगदी टोकाच्या घरातली, कानाने मंद असलेली एक म्हातारी विहिरीवर सगळ्यांच्या आधी पोचली. मी छपराकडे पाहिलं. दोनातल्या एका भोंग्याचं तोंड सरळ ओढ्याकडे होतं. वायर आता मुरली आहे, आता कुणी कशाला हात लावायचा नाही, असं साडूंनी सरपंचाला बजावलं आणि सरपंचाने मान डोलावली. मला वाटलं, यांनी शेवटी माझाच सल्ला ऐकला, फक्त कबूल करायला मानी आहेत. मी तसं त्यांना ऐकवलंही.

जन्मभर भोंग्यांखाली उभं राहिलेल्या माणसाचे कान शेवटी जायचेच. आधी वंदनेचे बारीक स्वर गेले, मग अक्काचा आवाज, मग दारावरची थाप. लातूरच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिली. साडूंनी ती दोन दिवस लावली आणि काढून जुन्या स्क्रूंच्या डब्यात टाकून दिली. भाकरी चावल्याचा आवाज डोक्यात दगड फोडल्यासारखा येतो आणि माणसं बोलली की पत्रा वाजतो, एवढंच त्यांनी सांगितलं आणि त्यानंतर सांगायचंही सोडलं. दिवसभर अंगणात भिंतीला टेकून बसायचे. अक्काने माझ्या बायकोला फोन केला आणि ती रडलीच. डॉक्टर म्हणाले होते, की यंत्राची सवय व्हायला काही आठवडे जातात, रोज थोडं थोडं लावा, आता सोडलं तर पुढे अवघड आहे. हे साडूंना पटवायचं कुणी? ते काम विज्ञानाच्या शिक्षकाचं, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं.

मी गेलो. त्यांच्यासमोर बसून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मेंदू, कान, सवय, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि कागद परत केला. तीच मान, इलेक्ट्रॉनच्या वेळची. मला एकदम शाळेचं मैदान आठवलं. ज्या माणसाला मी गावासमोर खोटं पाडलं, त्याने माझ्या शास्त्रावर का विश्वास ठेवावा? मग दुसऱ्या कागदावर लिहिलं: साडूभाऊ, यंत्र नवं आहे, कच्चं आहे. मुरवल्याशिवाय लावलंच कसं तुम्ही? आणि त्याखाली लिहिलं: मैदानात मी तुमच्याशी वागलो ते चुकलं. साडूंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग उठले, आत गेले आणि स्क्रूंचा डबा घेऊन आले. यंत्रं निरखताना त्यांना उजव्या कानाच्या यंत्रावर लहानसा लाल ठिपका दिसला. "कंपनीला कळतंय," ते म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी बोललेले हे पहिले शब्द होते.

मी एकवीस दिवस राहिलो. पहिले दोन दिवस यंत्रं पांढऱ्या फडक्यावर सावलीत नुसती ठेवली होती आणि मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी थोडा वेळ कानात घालून अक्काच्या आवाजात वंदना. मग रेडिओवरचे बाजारभाव. दुसऱ्या आठवड्यात गाणी, आधी बायकांची. भाषणाला बंदी, आणि माझं बोलणं त्यांच्या मते भाषणातच मोडत असल्यामुळे जवळजवळ तीन आठवडे मला त्यांच्याशी एक शब्द बोलायची मनाई होती. मी कागदावर लिहायचो. माझ्या बायकोला हे फोनवर कळलं तेव्हा तिने हा उपचार घरीही चालू ठेवता येईल का म्हणून विचारलं. कधी भाकरी चावताना ते कळवळत आणि यंत्र काढून ठेवत, मला वाटे आता पुन्हा डब्यात जाणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच फडकं उलगडून बसलेले असत. एकविसाव्या दिवशी त्यांनी मला खूण केली. मी उठून अंगणाच्या पार टोकाला, विहाराच्या भिंतीपाशी गेलो. इतक्या दिवसांनी काय बोलावं ते सुचेना. मग थांबून थांबून दोनदा म्हणालो, पाणी आलं, पाणी आलं.

"आलं," ते म्हणाले. आणि अक्काकडे वळून म्हणाले, की घागर घे. अक्का तोंडाला पदर लावून आत गेली.

मी परत येऊन त्यांच्याजवळ बसलो. डोळे माझेही भरले होते, ते लपवायला मी म्हणालो, की बघा, तुमचं मुरवणंच खरं ठरलं. त्यांनी मान हलवली, पण ती नेहमीची मान नव्हती.

"न्हाई सर," ते म्हणाले. "तुमी वायर बदलली, त्याच्यानंतर मी बी वरीसभर बदलून बदलून ऐकलं. डोळे झाकून. काईच फरक न्हाई. तांबं ते तांबंच."

मग इतकी वर्षं कशासाठी, असं मी विचारलं.

"वायर मुरवून राहिलो मनलं की कुनाच्या बी दारात उभं राहता येतंय," ते म्हणाले. "ऐकू येतंय का मनून इचारता येतंय. बसा मनतेत, पानी देतेत. नुसतं मीच आलोय मनलं असतं, तर कोन बस मनलं असतं सर?"

मीही अशाच वस्तीत वाढलो होतो. पण शिकलो, नोकरीला लागलो, शहरात राहिलो, लोक सर म्हणू लागले, आणि दारात उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं हे मी पार विसरून गेलो होतो. वर्षानुवर्षं मी वही घेऊन त्यांच्यामागे दारोदार फिरलो आणि माझं सगळं लक्ष भोंग्यातून येणाऱ्या आवाजाकडे होतं. दुष्काळातला तो दोन दोन बोटं सरकणारा भोंगा मला त्या क्षणी दिसला, आणि माझ्या पायावर दाबून धरलेला त्यांचा पायही. मी मुरलो नाही असं ते म्हणायचे ते काही उगीच नव्हतं.

त्यानंतर साडू तीन वर्षं होते. यंत्रं रोज लावायचे, अक्काशी भांडायचे, बाजारभाव ऐकायचे आणि माझं बोलणं लांबलं की उजव्या कानातलं यंत्र हळूच काढून खिशात टाकायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. अक्काने मला खुंटीवरचं एक वेंडोळं काढून दिलं, लाल दोरा बांधलेलं. ते खांद्यावर टाकून मी ओढा ओलांडला आणि एसटी गाठायला गावातून निघालो. पाटलांच्या ओसरीवर एक म्हातारा बसला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि हाक मारली.

"मुरवायला काढली का? या, बसा."

आता लावायला भोंगाच नाही, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी वेंडोळं मांडीवर घेऊन ओसरीवर बसलो. आतून पाण्याचा तांब्या आला. मी पाणी प्यायलो आणि त्या म्हाताऱ्यांना विचारलं, तुमच्या इथपर्यंत नीट ऐकू यायचं ना. त्यांनी हो म्हणून सांगितलं.